कुळागरात चोर शिरला तर बंदूक चालवता येते का?

यावेळी बंदुकीवरची चार पत्रं एकदम आली. त्यातला गैरसमज इतका सारखा आहे आणि इतका घातक आहे की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून सगळी जागा यालाच देतेय.

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातला, वाळपईहून आत आमचं कुळागर आहे, सुपारी, नारळ, मिरी आणि थोडी केळी. बाबांच्या वेळची बारा बोअरची लायसन्सवाली बंदूक आता माझ्या नावावर आहे. गेले दोन सिझन रात्रीचे येऊन सुपारी चोरून नेतात, पोलिसांत दोनदा सांगितलं पण काही हाती लागलं नाही. आमच्या वाड्यावर सगळे म्हणतात की सूर्य मावळल्यावर कोण आपल्या जागेत घुसला आणि त्याला उडवला तर केस होत नाही, नवीन कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. व्हॉट्सॲपवर मेसेज पण फिरतोय. खरं आहे का? आणि नुसती पायावर मारली तर चालते का? देव बरे करू. — एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : दादा, आधी उत्तर देते, कारण नंतर. नाही. सुपारी चोरतोय एवढ्यावरून माणसाला गोळी घालून मारायचा हक्क तुम्हाला दिवसा नाही आणि रात्रीही नाही, आणि त्या मेसेजवर विसंबून बंदूक उचललीत तर चोर जाईल मसणात आणि तुम्ही जाल जेलात, कुळागर बघायला मागे कोण राहील ते तुम्हीच सांगा.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे म्हणून तो जास्त वाईट. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या, जागी भारतीय न्याय संहिता आली. आयपीसीत खाजगी संरक्षणाचा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये होता, आता तो ३४ ते ४४ मध्ये आहे, मजकूर जवळजवळ तोच. कलम ४१ सांगतं की मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही असे प्रसंग कुठले, तर जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या इमारतीला आग लावणं किंवा स्फोटकाने उडवणं, आणि अशी चोरी, नुकसान किंवा घरातली घुसखोरी की जिच्यात आता आपण मरू किंवा जबर जखमी होऊ अशी रास्त भीती वाटावी. तुमच्या वाड्यावरच्यांनी यातलं ‘सूर्यास्तानंतर’ तेवढं धरलं आणि ‘घरफोडी’ सोडून दिलं. आणि घर म्हणजे कायद्याला काय अभिप्रेत आहे, तर माणसं राहतात ती इमारत, तंबू किंवा जहाज, देवस्थान, किंवा माल ठेवायची इमारत. म्हणजे सुपारी सुकवून साठवायची तुमची खोली असेल आणि मध्यरात्री तिचं कुलूप तोडून कोण आत शिरला तर ती घरफोडी. पण उघड्या कुळागरात माडांच्या नि पोफळींच्या मधे शिरून घड उतरवणं ही साधी चोरी आणि साधं अतिक्रमण, त्याला लागू होतं कलम ४२, आणि ते म्हणतं जीव सोडून बाकीची इजा, तीही गरजेपुरतीच.

आणि घरफोडीतसुद्धा मोकळा परवाना नाही हां. कलम ३७ सगळ्यांच्या वर बसलंय. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, आणि बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा केली का, हे दोन प्रश्न प्रत्येक केसमध्ये विचारले जातात. खिडकीतून शिरलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तुमचा टॉर्च बघून हात वर करून उभा राहिला, तर रात्र असो की अमावास्या, तिथे गोळीची गरज संपली.

आता उलटी बाजू, कारण तुम्हाला घाबरवून हात बांधायचे असा माझा हेतू नाही. समजा तुम्ही बॅटरी घेऊन ओरडत गेलात आणि त्यांच्यातला एक कोयता घेऊन तुमच्यावर धावून आला. त्या क्षणी प्रश्न सुपारीचा राहिला नाही, तुमच्या जिवाचा झाला. मग कलम ३८ लागतं. मरणाची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक अत्याचाराच्या हेतूने केलेला हल्ला, पळवून नेण्यासाठी केलेला हल्ला, सुटकेसाठी सरकारी मदत मिळणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठीचा हल्ला, ॲसिड फेकणं, अशा हल्ल्यांत समोरचा मेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. पहिला वार झेलायची वाट पाहायची नसते, कलम ४० प्रमाणे हल्ल्याच्या प्रयत्नातून किंवा धमकीतून रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या दर्शन सिंग केसमध्ये हे खूप सविस्तर सांगितलंय, त्यात वडिलांवर धारदार हत्याराचा वार झाल्यावर मुलाने आपली लायसन्सची बंदूक चालवली होती आणि कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. कायदा कुणाला भित्र्यासारखं पळून जा असं सांगत नाही हेही त्यात आहे.

पण सुरू झालेला हक्क संपतो पण, आणि माझ्या अनुभवात माणसं चुकतात ती इथेच. कोयतेवाला वळला आणि पळत सुटला, की तुमच्या जिवाची भीती संपली आणि तिच्यासोबत जीव घ्यायचा हक्कही संपला. तो माल घेऊन पळत असेल तर मालावरचा हक्क तो निसटेपर्यंत चालू असतो, म्हणजे पाठलाग करा, धरा, पोतं हिसकावून घ्या, पण पाठीत गोळी नाही. १९६२ चा जय देव केसचा निकाल यावर अजून सांगितला जातो आणि तो लिहिला होता आपल्या मराठी न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, जे पुढे सरन्यायाधीश झाले. त्यात त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. हल्ल्याच्या गडबडीत सापडलेल्या माणसाने किती जोर लावला ते कोर्टाने सोन्याच्या तराजूत तोलत बसू नये, ही एक. आणि समोरचे पळायला लागल्यावर लांबून झाडलेल्या गोळीला स्वसंरक्षण म्हणता येत नाही, ही दुसरी. आरोपींना शिक्षा झाली ती या दुसरीमुळे.

तुम्ही म्हणाल अंधारात कोण बघायला येतो तो पळत होता की येत होता. शव बघतं ना दादा. बारा बोअरचे छर्रे अगदी जवळून लागले तर एकच मोठं भोक पडतं, कडेला चामडी काळवंडलेली आणि दारूचे कण रुतलेले असतात, जसजसं अंतर वाढतं तसे छर्रे पांगत जातात आणि अंगावर सुटी सुटी छिद्रं दिसतात. शवविच्छेदन करणारा डॉक्टर आणि फॉरेन्सिकवाले यावरून साधारण अंतर सांगतात, आणि जखम छातीत आहे की पाठीत हे तर कुणीही सांगेल. तिथे जवळून समोरून बसलेली गोळी तुमच्या बाजूने बोलते आणि लांबून पाठीत बसलेली तुमच्या विरुद्ध.

पायावर मारायचं म्हणता. रात्रीच्या वेळी, ओल्या कुळागरात, हलत्या माणसाच्या पायावर नेम धरून छर्ऱ्याची बंदूक चालवणारा मी तरी पाहिला नाही. आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो, वाळपईच्या हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाही. मग फक्त पायावर मारली होती हे सांगून सुटका होत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क खराच होता पण चांगल्या हेतूने, बदल्याचा विचार मनात नसताना, तो ओलांडला गेला असं कोर्टाला वाटलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो, कलम १०५, आणि त्यातही दहा वर्षांपर्यंत, काही वेळा जन्मठेपेपर्यंत जाता येतं. हक्कच नव्हता असं ठरलं तर सरळ खून. हवेत बार काढणं त्यामानाने बरं, पण तोही वाड्यावर घरं जवळ असताना बेफिकीरपणे काढलात आणि लोकांच्या जिवाला धोका झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर आर्म्स ॲक्टमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

मला तुमचा राग कळतो दादा. माझ्या आजोबांचं कुळागर होतं, ठासणीची बंदूक खुंटीला असायची, आणि पावसाळ्यात कोळेरोगासाठी बोर्डो मारायला, मग पाडेल्याच्या (पोफळीवर चढून घड उतरवणाऱ्याच्या) मागे फिरायला, मग सुकवायला, सोलायला किती जीव आटतो ते मी लहानपणी पाहिलंय. एका रात्रीत घड गेले की रडू येतं. पण आजोबा चोरांच्या मागे जाताना बंदूक घरात ठेवून जायचे, चार शेजारी आणि एक मोठा टॉर्च घेऊन. तुम्हीही तेच करा, वाटेवर लाइट आणि कॅमेरा लावा, जवळच्या सुपारी घेणाऱ्या दुकानांत आणि सोसायटीत सांगून ठेवा की ओला माल कोण अचानक विकायला आणतो ते बघा. आणि यावेळी पोलिसांना नुसतं तोंडी सांगू नका, लेखी एफआयआर घ्या आणि प्रत घरी ठेवा.

प्रश्न : ताई, मी नोकरीसाठी पुण्यात असते, आई-बाबा म्हापशाजवळ मोठ्या जुन्या घरात दोघंच. बार्देसातल्या दरोड्यांच्या बातम्या वाचून बाबांनी कपाटातलं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर काढलंय आणि उशाखाली घेऊन झोपतात, वय ७३. खरंच कोण आले आणि त्यांनी गोळी झाडली तर पुढे काय होईल? माझा भाऊ म्हणतो की गोव्यात अजून पोर्तुगीज कायदा आहे त्यामुळे आपलं वेगळं आहे. — एक काळजीत पडलेली मुलगी

उत्तर : भावाला सांग की पोर्तुगीज कायदा आपल्याकडे उरला तो लग्न आणि नवरा-बायकोची मालमत्ता अशा काही दिवाणी गोष्टींत. फौजदारी कायदा सगळ्या देशाचा तोच इथे, म्हापशात आणि पुण्यात फरक नाही.

बाबांची बाजू सत्तरी तालुक्यातल्या दादांपेक्षा कायद्यात कितीतरी भक्कम आहे. रात्री दार किंवा खिडकीची ग्रील तोडून टोळी घरात शिरणं ही घरफोडी आहे, पाच किंवा जास्त जण असतील आणि जबरदस्ती करत असतील तर दरोडा आहे, आणि हातात सुरा किंवा रॉड असेल तर दोन म्हाताऱ्या माणसांना जिवाची भीती वाटली हे कुठलंही कोर्ट समजून घेईल. अशा वेळी गोळी चालली तर ती समर्थनीय ठरायची शक्यता चांगली आहे.

पण ‘केस होत नाही’ असं मात्र तू धरून चालू नकोस. माणूस मेला की पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो, चौकशी होते, रिव्हॉल्व्हर जप्त होतं, अटकसुद्धा होऊ शकते, आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी बचाव करणाऱ्यावर असते, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. फक्त ती जबाबदारी सरकारी वकिलाइतकी कडक नाही, आपली गोष्ट जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं, आणि आरोपीने स्वतः तसं म्हटलं नसलं तरी पुराव्यातून ते दिसत असेल तर कोर्ट विचारात घेतं. म्हणून त्या रात्रीनंतरचा पहिला तास फार मोलाचा. ११२ ला फोन करायचा, जखमी माणसासाठी ॲम्ब्युलन्स मागायची (हो, चोरासाठीसुद्धा, माणुसकी म्हणून आणि केसमध्ये हेतू दिसतो म्हणूनही), रिव्हॉल्व्हर सेफ करून एका जागी ठेवायचं आणि पोलिसांच्या हातात द्यायचं. लादी धुवायची नाही, तुटलेली ग्रील, पडलेला सुरा, काहीच हलवायचं नाही. बाबांना किंवा आईला खरचटलं असेल तरी सरकारी हॉस्पिटलात दाखवून नोंद करून घ्यायची, कारण हल्ला झाला होता हे त्या नोंदीने दिसतं. माझ्याकडे एकदा एक सज्जन गृहस्थ आले होते, त्यांनी घाबरून बंदूक पुसून तेल लावून परत कपाटात ठेवली होती, आणि त्या एका गोष्टीमुळे खरं बोलणारा माणूस कितीतरी महिने खोटारडा ठरत राहिला, मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. काय घडलं ते थोडक्यात आणि खरं सांगायचं, आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाला बोलवायचं, तो हक्क आहे.

आता उशाखालच्या रिव्हॉल्व्हरबद्दल मनापासून सांगते, ते तिथून काढ. रात्री उठून पाणी प्यायला गेलेली आई, अचानक रात्रीच्या बसने आलेली तू, अंधारात बाबांना कोण दिसेल? आणि झोपेतल्या माणसाच्या उशाखालचं हत्यार पहिलं दरोडेखोराच्या हाताला लागतं. लॉकरमध्ये ठेवा, गोळ्या वेगळ्या. त्याच पैशात झोपायच्या खोलीला जाड दार आणि आतून मोठा अडसर, बाहेर लाइट, आणि शेजाऱ्यांकडे वाजणारी बेल. दार दहा मिनिटं टिकलं तर ११२ ला फोन करायला वेळ मिळतो. आणि बाबांना आता ते सांभाळणं जड जात असेल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्सधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो.

प्रश्न : मॅडम, आम्ही सांगेचे. गवे भाटात, म्हणजे बागायतीत, येतात, रानडुकरं तर रोजची. शेतीसाठी घेतलेली ठासणीची बंदूक आहे. जनावर अंगावर आलं तर मारायला परवानगी आहे का? काहीजण कुंपणाला करंट सोडतात, ते चालतं का? — शेतकरी

उत्तर : भाऊ, अंगावर आलं तर हो. वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ११ म्हणतं की स्वतःला किंवा दुसऱ्या माणसाला वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं किंवा जखमी केलं तर गुन्हा नाही. पण यात पीक नाही, फक्त माणूस. केळी खातोय म्हणून गव्यावर बार काढलात तर गवा आपल्या राज्याचा प्राणी आणि कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये (यादीत) आहे, किमान तीन वर्षं आणि सात वर्षांपर्यंत कैद. आणखी एक, तुम्ही स्वतः रात्री डुकराच्या शिकारीला गेलात आणि तिथे गवा अंगावर आला तर ही सूट मिळत नाही, कारण आधीच तुम्ही गुन्हा करत होता. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं, मटण वाटून घेतलंत की बचाव गेला. डुक्कर पिकाला त्रास देत असेल तर वनखात्याकडे लेखी अर्ज करा, मुख्य वन्यजीव वॉर्डन किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं लिहून परवानगी देऊ शकतो, आणि नुकसानभरपाईचा अर्ज फोटोसकट त्याच दिवशी टाका.

पिकासाठी घेतलेल्या बंदुकीने माणसाच्या हल्ल्यापासून जीव वाचवला तर स्वसंरक्षणाचा हक्क तसाच लागू होतो. मात्र लायसन्स नसलेली बंदूक असेल तर जीव वाचवला म्हणून खुनातून सुटाल तरी आर्म्स ॲक्टची केस वेगळी उभी राहते, नुसती जवळ ठेवल्याचीच दोन ते पाच वर्षं.

करंट अजिबात नको. डुकरासाठी सोडलेल्या तारेला शेजाऱ्याचं पोर, गुराखी, काजू वेचायला आलेली बाई चिकटते, आणि तिथे स्वसंरक्षण म्हणायला जागाच नाही कारण तुमच्यावर हल्ला कोणीच करत नव्हतं.

प्रश्न : बाबा जाऊन आठ महिने झाले, त्यांची बंदूक घरात तशीच आहे. लायसन्स त्यांच्या नावावर. इलेक्शनला जमा करायला सांगतात तेव्हाच करू की आता? — डिचोलीहून

उत्तर : आता, अगदी या आठवड्यात. ज्याच्या नावाने लायसन्स होतं तो गेल्यावर ती बंदूक विनाकारण घरात ठेवता येत नाही, आर्म्स ॲक्टच्या कलम २१ खाली ती जवळच्या पोलीस स्टेशनात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे विनाविलंब जमा करायची असते, आणि आठ महिने म्हणजे आधीच उशीर. आधी स्टेशनला फोन करून सांगा की आणतोय, जमल्यास त्यांनाच घरी बोलवा. बंदूक रिकामी आहे ना ते जाणकाराकडून बघून घ्या, स्वतः उघडायला जाऊ नका, कापडात बांधून न्या, काडतुसं वेगळी, सोबत बाबांचं मूळ लायसन्स आणि मृत्यूचा दाखला. पावती घेतल्याशिवाय उठू नका. तुम्हाला ठेवायची असेल तर वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, डिचोली तालुका उत्तर गोव्यात म्हणजे पणजीला. तुमचं वय एकवीसच्या वर हवं, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागेल, आणि इतर भावंडं असतील तर त्यांची ना हरकत घेऊन ठेवा. ठेवायची नसेल तर डीलरला विकता येते, पण तेसुद्धा आधी जमा करून मगच.